दोन्हीकडून उघडणारी कडी

मी, खाली सही करणार, वय वर्षे शहात्तर, धंदा कुलपे बनवणे व दुरुस्त करणे, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो की, मी आज पूर्ण शुद्धीत आहे. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी माझा रक्तदाब तपासला, आज वार कोणता ते विचारले आणि मी बरोबर सांगितला. खरे म्हणजे शुद्धीचा प्रश्न माझ्या बाबतीत कधी नव्हताच. बाथरूममध्ये पडलो त्या सकाळीही मी पूर्ण शुद्धीत होतो, आणि गोची नेमकी तीच आहे. बेशुद्ध असतो तर आज लोकांच्या नजरेला नजर देता आली असती.

यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात फुशारक्याच जास्त होत्या.

कलम १. राहते घर

तळमजल्यावरचे दोन खोल्यांचे हे घर माझ्या स्वकष्टाचे असून त्यावर कोणाचाही बोजा किंवा हक्क नाही. माझ्या पश्चात ते माझ्या एकुलत्या एका मुलीस मिळावे. ती शिवणकाम करते, जावई गेल्यापासून एकटी असते, आणि सध्या राहते ती भाड्याची खोली तिला लवकरच सोडायची आहे.

आता या कलमात अडचण अशी की तिला हे घर नको आहे. मी तिला सांगितले, तेव्हा ती सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "घर तुमचं आहे, बाबा. मी रोज येईन, तुमचं सगळं करीन. पण तिथे मला झोप नाही लागणार." मी विचारले, का गं? तर म्हणाली, "गुदमरतं." एवढेच. पुढचे ती बोलली नाही आणि मीही खोदून विचारले नाही, कारण पुढचे मला पाठ आहे. ते इथे लिहितो. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मृत्युपत्र वाचणाऱ्या परक्या माणसालाही कळावे, म्हणजे खालची कलमे वाचताना म्हाताऱ्याला चळ लागला होता असे त्याला वाटणार नाही.

माझ्या पुढच्या दाराचे कुलूप मी स्वतः बनवलेले आहे. त्याची किल्ली नुसती फिरवून ते उघडत नाही. उजव्या हाताने किल्ली अर्धी फिरवायची आणि त्याच वेळी मुठीखालचे पितळी फूल डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांनी जोर लावून आत दाबायचे. बघणाऱ्याला फूल शोभेचे वाटते. आतल्या बाजूने मात्र साधी गोल मूठ आहे, ती फिरवली की दार उघडले. ही युक्ती मला आणि माझ्या बायकोला माहीत होती. बायको गेली, मग एकट्या मला. मुलीला किल्ली दिलेली होती. फुलाचे सांगितले नव्हते. सासरी गेलेल्या मुलीला कशाला, असे मनाशी म्हणालो होतो. जावई गेला, ती एकटी झाली, तरी नाही सांगितले. म्हणजे मी तिला किल्ली दिली होती ती मिरवायला.

त्या सकाळी आंघोळ करताना साबणावरून पाय सरकला आणि मी असा आपटलो की कंबर हलेना. बाथरूम दाराला लागूनच आहे, त्यामुळे माझे कण्हणे बाहेर ऐकू गेले. मुलगी डबा घेऊन आली होती. तिने किल्ली लावली, फिरवली, हिसडे दिले. मग ती समोरच्या दुकानातून चिमट्याला घेऊन आली.

चिमटा म्हणजे माझ्या हाताखाली शिकलेला कुलूपवाला. अंगाने काटकुळा, म्हणून हे नाव मीच ठेवलेले. शिकला, आणि बरोबर माझ्या घराला लागून असलेल्या दुकानासमोर दुकान टाकून बसला. वर पाटी: कोणतेही कुलूप उघडून मिळेल. त्या पाटीवरून आमचे बोलणे बंद. तर हा चिमटा माझ्या दाराशी गुडघे टेकून बसला, आणि मी आत फरशीवर, अंगावर टॉवेलसुद्धा नाही, ऐकत पडलो. त्याची तार आत जायची, अडायची, बाहेर यायची. बराच वेळ झटला. शेवटी म्हणाला, "नाही उघडत, ताई. दादांचं कुलूप आहे."

आणि मी हसलो.

बारीक नाही, चांगला खणखणीत हसलो. बाहेर जमलेल्या सगळ्यांनी ते ऐकले. मग मुलीचा आवाज आला, "बाबा, तुम्ही ठीक आहात ना? कसं उघडायचं ते सांगा." मी काय म्हणालो तेही लिहितो. मी म्हणालो, "थांब गं. बघू दे त्याला अजून काय येतं ते."

नंतर मी स्वतःची पुष्कळ समजूत घातली. उघडे पडलेले अंग कोणी पाहू नये म्हणून वेळ काढत होतो, असे म्हणून पाहिले. तेही खोटे नाही. पण हसलो होतो ते त्यासाठी नव्हे. माझी पोर बाहेर रडवेली झाली होती आणि मला आत गुदगुल्या होत होत्या.

दाराशेजारी खिडकी आहे. तिथून गजांतून हात घालून कोणी आतली मूठ फिरवू नये, म्हणून ती मी खिळे ठोकून कायमची बंद केली होती. मुलीने डब्यानेच तिची काच फोडली, गजांतून डावा हात घातला आणि मूठ फिरवली. "फूल दाब" असे मी ओरडलो तेव्हा काच खाली पडून गेली होती. चौकटीत राहिलेल्या काचेने तिची नस कापली. रक्ताच्या हातानेच तिने आधी माझ्या अंगावर चादर टाकली.

टाके पडले, जखम भरली. डाव्या हाताची पहिली दोन बोटे आता पुरती वाकत नाहीत. शिवणाऱ्या बाईला मशीनखाली कापड सरकवायला तीच बोटे लागतात. इतके महिने झाले, ती रोज येते, जेवण गरम करते, माझ्या कमरेला शेक देते. त्या हसण्याबद्दल एक अक्षर बोललेली नाही. एकदा शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते.

कलम २. खिडक्या, भिंती व हवा

घर मुलीच्या ताब्यात जाण्यापूर्वी ते माणसाने राहण्याजोगे करावे, असा माझा स्पष्ट आदेश आहे. सर्व खिडक्यांचे खिळे उपटावेत. हो, सर्व. फक्त दाराजवळचीच बंद होती असे वाटत असेल तर तसे नाही. स्वयंपाकाच्या ओट्यावरची आणि पलंगामागचीसुद्धा मी ठोकली होती. पलंगामागच्या भिंतीला ओल धरून काळी बुरशी चढली आहे, ती झाकायला मी तिथे लोखंडी कपाट उभे केले. बायको त्या कपाटाशेजारीच झोपायची आणि सकाळी उठली की खोकत बसायची. म्हणायची, "चोर येईल तेव्हा येईल हो, आधी वारा तरी येऊ द्या." मी म्हणायचो, कुलूपवाल्याच्या घरी चोरी झाली तर धंदा बसेल. तिचा खोकला त्या भिंतीमुळे होता की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता आले नाही. मला विचाराल तर भिंतीकडे बघायची माझी छाती होत नाही.

कपाट हलवावे. भिंतीचे पोपडे खरवडून, बाहेरून जिथे पाणी मुरते तिथे दुरुस्ती करून, भिंत पुरती वाळू द्यावी आणि मगच रंग द्यावा. नुसता वरून रंग मारू नये. ती लबाडी मी दर वर्षी केली आहे.

या कलमासाठी लागणारा खर्च माझ्या बँकेतल्या ठेवीतून करावा. उरेल ते मुलीचे.

कलम २ बद्दल खुलासा

वरचे कलम लिहून झाल्यावर नर्सबाईंना वाचून दाखवले. त्या कोणाची भीडभाड ठेवत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "म्हणजे खिडकी उघडायला तुम्ही मरायची वाट बघणार?"

रात्रीच्या जेवणाची चव गेली. दुसऱ्या दिवशी मीच पक्कड घेतली आणि स्टुलावर बसून ओट्यावरच्या खिडकीचे खिळे काढले. गंजलेले खिळे, किंचाळत बाहेर येत होते. मुलगी पोळ्या लाटत होती. तिने पाहिले, आणि पीठ उडायला लागले तसे परातीवर झाकण घातले. कितीतरी वर्षांनी त्या ओट्यावर वाऱ्याने पीठ उडाले.

तेव्हा कलम २ मधील काम हयातीतच सुरू केले आहे, सबब तेवढा मजकूर रद्द.

कलम ३. बाथरूम

दरवाजा बाहेरच्या बाजूस उघडेल असा करावा. आत पडलेल्या माणसाच्या अंगावर तो ढकलावा लागू नये. आतली कडी काढून टाकावी. फरशी खरखरीत बसवावी, बसून आंघोळ करायला स्टूल ठेवावे, दिव्याचे बटण बाहेर घ्यावे आणि भिंतीला धरायची दांडी लावावी.

दांडीची एक वेगळी कथा आहे, तीही सांगतो, एवीतेवी लाज सोडलीच आहे. मी पडायच्या कितीतरी आधी मुलीने स्वतः जाऊन ती दांडी आणली होती, चांगली जाड स्टीलची. मी म्हणालो, माझे घर म्हणजे दवाखाना नव्हे. ती गेल्यावर दांडी हातात घेऊन पाहिली. माल उत्तम होता. एक टोक करवतीने कापले आणि पुढच्या दाराला रात्री लावायचा अडसर केला. तिने तो अडसर पाहिला तेव्हा ओळखला. ओळखला हे मला कळले. दोघांनीही चहा घेतला.

आता बाकीची कामे उरकून तीच दांडी बाथरूममध्ये बसवली आहे. कापल्यामुळे थोडी आखूड पडते, पण हात पोचतो. हे कलमही रद्दच म्हणायचे. या वेगाने माझ्या मृत्युपत्रात मृत्यूशिवाय काही उरणार नाही.

कलम ४. किरकोळ

माझा मेहुणा नेहमी माझी बारीक कानस घेऊन जातो म्हणतो आणि कधीच परत आणत नाही. त्याच्याकडच्या सर्व कानशी त्याच्याकडेच राहू द्याव्यात. पण तो रडायला आला तर त्याला त्यांची आठवण करून द्यावी.

दुकानात गिऱ्हाइकांच्या किल्ल्यांचे नमुने एका डब्यात आहेत. ते कोणाकडेही जाऊ देऊ नयेत, भट्टीत घालून वितळवावेत. लोकांनी माझ्यावर विश्वास टाकला होता. परक्यांच्या दारांच्या बाबतीत मी कधी चुकलो नाही, हे मला लिहून ठेवायचे आहे. चुकलो ते स्वतःच्या दारात.

कलम ५. हत्यारे

माझी सर्व हत्यारे, किल्ल्या कापायचे मशीन, ऐरण आणि माझ्या हाताने घडवलेल्या तारांचा संच, चिमट्यास द्यावा.

हे कलम मी सहज लिहिलेले नाही. आधी लिहिले होते की हत्यारे भंगारात द्यावीत, पण त्याला देऊ नयेत. मग खोडले. त्या दिवसानंतर गल्लीत चेष्टेला ऊत आला होता. कुलूपवाल्याला त्याच्याच कुलपाने कोंडले, असे पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे बोलून घेत होते. एकटा चिमटा बोलला नाही. हसण्याबद्दल तर नाहीच. उलट आपली पाटी उतरवून रंगाऱ्याकडे नेली आणि परत लावली तेव्हा तीवर नुसते लिहिले होते: कुलपे उघडून मिळतील. "कोणतेही" गेले. माझे कुलूप जिंकले होते आणि मला कुठे तोंड लपवू असे झाले होते.

त्याला साक्षीदार म्हणून सही कर म्हणायला मी स्वतः रस्ता ओलांडून गेलो. काठी टेकत. तो उठून उभा राहिला, खुर्ची पुसली. मी म्हणालो, "बस रे. मृत्युपत्रावर सही हवी आहे तुझी." तो म्हणाला, "दादा, चहा घेणार?" इतक्या वर्षांचे अबोल्याचे भांडण एका चहात संपते, हेही थोडे लाजिरवाणेच आहे.

पण नर्सबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार त्याची साक्ष चालत नाही. त्यांच्या भावाच्या वेळी यावरूनच सगळे अडले होते. म्हणजे एक तर हत्यारे द्यायची, नाहीतर सही घ्यायची. मला दोन्ही हवे होते. विचार केला आणि दुसऱ्या दिवशी हत्यारे हातगाडीवर घालून समोर पोचती केली. माझ्याकडे फक्त एक स्क्रूड्रायव्हर ठेवला. म्हणून हे कलमही रद्द, आणि चिमटा साक्षीला मोकळा.

त्याने परत येऊन दाराजवळची खिडकी पाहिली. फुटक्या काचेच्या जागी मी पुठ्ठा लावला होता. म्हणाला, "दादा, इथे बारीक पोलादी जाळी बसवली की झालं. वारा येईल, हात येणार नाही. डासही नाहीत." मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. एवढी साधी गोष्ट. जाळी असती तर खिळे लागले नसते, ओल धरली नसती, काच फुटली नसती. "मला का नाही सुचलं रे?" मी विचारले. तो म्हणाला, "तुम्ही फक्त चोराचाच विचार करत होता." जाळी त्याने बसवली, आणि गज आतून उघडतील असे बिजागरीवर घेतले, आग लागली तर बाहेर पडता यावे म्हणून.

कलम ६. पुढच्या दाराचे कुलूप

हे शेवटचे कलम. हे मी आज लिहितो आहे, सहीच्या दिवशी.

मूळ मजकूर असा होता: कुलूप व त्याची युक्ती माझ्या पश्चात मुलीस मिळावी. पण मेल्यावर युक्ती कोण शिकवणार? म्हणून आज दुपारी ती आली तेव्हा म्हणालो, "ये, तुला फुलाचं दाखवतो. माझ्यानंतर तुझ्याशिवाय कोणालाच उघडता येणार नाही." मला वाटले, तिला आनंद होईल. केवढा मूर्ख मी.

तिला बाहेर उभे केले. स्वतः आत राहिलो आणि दार लावले, सराव खरा व्हावा म्हणून. आतून सांगितले, किल्ली अर्धी फिरव, फूल दाब. किल्ली फिरल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. पुन्हा किल्ली. दारापलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. फुलाची स्प्रिंग मी मुद्दाम कडक घेतलेली, दोन बोटांचा जोर लागावा म्हणून. तीच दोन बोटे. हे दार लावेपर्यंत माझ्या डोक्यात आले नव्हते, शपथ.

"अंगठ्याने बघ," मी म्हणालो.

"नाही दबत, बाबा."

मग अगदी शांतपणे म्हणाली, "हसा आता."

मी मूठ फिरवून दार उघडले. ती तिथेच उभी होती, किल्ली कुलपातच होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडे नीट पाहिले. मी म्हणालो, "चुकलो गं. त्या दिवशी फार चुकलो." ती म्हणाली, "माहीत आहे." मग डोळे पुसून म्हणाली, "मला युक्ती नको. साधी कडी लावा. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडणारी. आणि एक किल्ली नर्सबाईंकडे ठेवा."

मी राखून ठेवलेला स्क्रूड्रायव्हर काढला. कुलूप उतरवायला वेळ लागला, कारण ते निघू नये असेच बसवलेले होते. ती शेजारी बसून स्क्रू उजव्या तळव्यात गोळा करत होती. चिमटा त्याच्या दुकानातून बघत होता. मीच त्याला हाक मारली, कुलूप त्याच्या हातात दिले आणि फूल कसे दाबायचे ते दाखवले. त्याने दाबले. "असं होय," म्हणाला. मग परत माझ्याकडे देऊ लागला. मी म्हणालो, ठेव, पितळ चांगले आहे.

आता दाराला त्याच्या दुकानातली साधी, दोन्हीकडून उघडणारी किल्लीची कडी आहे, कोणालाही मिळते तसली, आणि एक किल्ली नर्सबाईंकडे आहे. दाराला कुलपाएवढे भोक उरले होते, ते त्याने लाकडाचा तुकडा बसवून बुजवले.

सबब कलम ६ रद्द. कलम १ मात्र कायम आहे. घर मुलीचे. तिने हो म्हटलेले नाही, आणि या लिखाणाने तिच्यावर कोणतीही सक्ती होत नाही. नको असेल तर तिने ते विकावे, आणि ज्या घरात श्वास घेता येतो तिथे राहावे. माझे एवढेच मागणे की विकण्यापूर्वी पलंगामागची भिंत वाळली आहे की नाही ते तिने हात लावून पाहावे.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो खरा आहे. खोडाखोड माझ्याच हातची आहे. नर्सबाई म्हणाल्या, स्वच्छ प्रत काढा. मी नाही म्हणालो. स्क्रू गोळा करून झाल्यावर मुलगी हात धुऊन आत गेली होती, चहा ठेवते म्हणून. बराच वेळ चहा आला नाही. डोकावून पाहिले तर ती पलंगावर, उघड्या खिडकीकडे तोंड करून, डावा हात उशीखाली घालून गाढ झोपली आहे. प्रत काढायला टेबल आत आहे, आणि खुर्ची सरकवली की आवाज होतो. म्हणून साक्षीदारांना बाहेरच बसवले आणि हळू बोलायला सांगितले.

सही: कुलूपवाला

साक्षीदार:
१. वरच्या मजल्यावरची निवृत्त नर्स. माझ्यासमोर सही केली, शुद्धीत केली.
२. समोरचा कुलूपवाला. मला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. जे मिळायचे ते आधीच मिळाले.

ठिकाण: घराबाहेरची पायरी, दार उघडे.
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार, दुपार.